वेचणीचा हंगाम आणि रांजणातला डास



कापसाच्या भावाच्या बैठकीत तापाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऐन वेचणीत घरातली दोन माणसे खाटेला खिळली की कापूस झाडावरच राहतो आणि सलाइनचा खर्च सावकाराच्या वहीत चढतो. म्हणून चिकुनगुनिया हा आपल्या हिशेबातलाच विषय आहे.

हा ताप नवा नाही. १९७३ साली ज्वारीच्या मुलखातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षे तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. नाव आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतले. अर्थ, वाकवून टाकणारा. कोंबडीशी त्याचा काही संबंध नाही.

तो पसरवणारा एडिस डास अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तो गटारात वाढत नाही. रांजण, ड्रम, हौद, कूलर, जुने टायर यांतल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्याने एकदा नळ सोडणारी व्यवस्था आपल्याला पाणी साठवायला लावते आणि साथ आली की अस्वच्छतेचा ठपका मात्र आपल्यावरच ठेवते!

बोंडअळीचे आपण जाणतो. अळी बोंडात शिरल्यावर फवारा वाया जातो. इथेही तसेच. धुराच्या फवारणीने उडता डास मरतो, पाण्यातली अळी राहते. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळू. उरलेले पाणी फेकायचे नाही, जनावरांना पाजायचे, झाडांना घालायचे. मग भांडे आतून घासायचे, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. भरल्या भांड्याला फडके बांधायचे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. कपाशीचे औषध घरात किंवा पाण्यात चुकूनही वापरायचे नाही.

ताप आलाच तर? या विषाणूला मारणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज, ताक आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत पॅरासिटामॉल, एवढाच मुख्य उपचार. तोंडाने पाणी पोटात टिकत असेल तर सलाइनची सहसा गरज नसते. डेंग्यूही याच डासाने होतो आणि सुरुवातीला सारखाच दिसतो. म्हणून डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. मनाने स्टेरॉइड घेणेही नको. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळाठा, लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. डेंग्यूत धोका बहुधा तेव्हाच वाढतो. गरोदर बाई, तान्हे मूल, म्हातारी माणसे यांच्याबाबत वाटच पाहू नका.

चिकुनगुनियाने माणूस दगावणे विरळा; पण सांधे कित्येक आठवडे, कधी महिनेही धरून राहतात. अशा माणसाला आळशी म्हणू नका. त्याचे फड उरकायला शेजाऱ्यांनी हात लावावा.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडू: नळाच्या पाण्याचा ठरलेला दिवस पाळा आणि तापाच्या रुग्णांची नोंद गावातच ठेवा. कोरडा दिवस मात्र कोणाकडे मागायचा नाही. तो आपण येत्या शुक्रवारपासून पाळू.