उघडलेला खोका आणि अचौर्यव्रत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी तप, त्याग, दान आणि स्वाध्याय या विषयांवर व्याख्याने व्हावीत, हे उचितच आहे. आजचा विषय मात्र मंदिराच्या पायरीवरचा नसून दुकानाच्या काउंटरवरचा आहे. खोका उघडलेला मोबाइल, टीव्ही किंवा मिक्सर ग्राहक दुकानात परत आणतो आणि पैसे परत मागतो, त्या क्षणी दोघांचे व्रत कोठे उभे असते, हा तो विषय. विषय लहान वाटेल. परंतु व्रताची कसोटी पर्वतिथीला जितकी लागते, त्याहून अधिक अशा पाच मिनिटांच्या देवघेवीत लागते.

जैन समाजात व्यापाराची परंपरा जुनी आहे. समाजाच्या कोणत्याही सभेत दुकानदारही बसलेले असतात आणि ग्राहकही. किंबहुना एकच व्यक्ती सकाळी स्वतःच्या पेढीवर विक्रेता असते आणि सायंकाळी दुसऱ्याच्या दुकानात ग्राहक. सकाळी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीच्या आड उभा राहणारा गृहस्थ सायंकाळी त्याच पाटीसमोर रागावलेला दिसतो. पाटी तीच, बदललेली असते ती केवळ उभे राहण्याची बाजू. म्हणून या प्रश्नाचा विचार एका बाजूने करून चालत नाही.

प्रथम परत येणाऱ्या वस्तूंचे भेद पाहिले पाहिजेत. वस्तू चार कारणांनी परत येते. पहिले कारण दोष: टीव्हीच्या पडद्यावर रेघ आहे, मोबाइल चार्ज होत नाही. दुसरे विसंगती: सांगितले एक आणि खोक्यात निघाले दुसरे. तिसरे मनाचा पालट: वस्तू चांगली आहे, पण रंग आवडला नाही, शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाली किंवा घरातल्यांनी नको म्हटले. चौथे कारण बोलून दाखवले जात नाही: गरज भागली. लग्नाचे चित्रण होईपर्यंत कॅमेरा घरी राहिला, क्रिकेटचा अंतिम सामना संपेपर्यंत मोठा टीव्ही भिंतीवर राहिला आणि मग ‘बिघाड आहे’ असे सांगून तो परत निघाला. या चारही प्रसंगी काउंटरवर दिसणारे दृश्य एकसारखेच असते. धर्माच्या दृष्टीने मात्र ते चार भिन्न व्यवहार आहेत.

राज्याचा कायदा यासंबंधी काय सांगतो, ते श्रावकाने जाणून घ्यावे. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, ज्याने माल आधी तपासलेला नाही त्या खरेदीदाराला तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असे मानले जात नाही. खोका उघडल्यावाचून यंत्र तपासता येत नाही. म्हणून ‘सील तुटले, आता काही होणार नाही’ हे उत्तर सदोष वस्तूच्या बाबतीत टिकणारे नाही. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. सदोष माल परत घेण्यास व त्याचे पैसे परत देण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास 30 दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत बसते.

परंतु कायद्याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. दुकानात जाऊन पारखून घेतलेली निर्दोष वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण हक्क ग्राहकाला दिलेला नाही. तेथे दुकानदाराने मान्य केलेल्या अटी लागू होतात. पहिल्या दोन कारणांत ग्राहक हक्काने मागतो. तिसऱ्या कारणात तो विनंती करतो. हा फरक ओळखला, तर काउंटरवरचे निम्मे भांडण सुरूच होणार नाही.

आता धर्माकडे वळावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यातील अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार म्हणजे स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. हे पाचही आजच्या बाजारात जसेच्या तसे ओळखता येतात.

चोराला प्रेरणा देणे हा स्तेनप्रयोग. ‘काही होत नाही, चार दिवस वापर आणि परत कर’ असा सल्ला मित्राला देणारा स्वतः काहीच उचलत नाही. तरी अतिचार त्याला लागतो. चोरून आणलेली वस्तू घेणे हे तदाहृतादान. बिल नाही, खोका नाही, भाव निम्मा, आणि तरीही मोबाइल घेतला जातो. तो कोणाच्या खिशातून आला, हे विचारण्याचे सोयीस्करपणे टाळले जाते. राज्याचा नियम ओलांडून व्यापार करणे हा विरुद्धराज्यातिक्रम. पक्के बिल टाळून कर वाचवणारे विक्रेता आणि खरेदीदार दोघेही त्यात भागीदार होतात. पुढे यंत्र बिघडले की त्या वाचवलेल्या कराची किंमत कळते. कारण खरेदीचा पुरावाच उरलेला नसतो.

हीनाधिक मान-उन्मान म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. विक्री करताना खोक्यातील प्रत्येक वस्तूचे मूल्य वाढवून सांगायचे आणि परत घेताना तुटलेल्या सीलसाठी मनाला येईल तेवढी रक्कम कापायची, ही तराजूची नवी दांडी आहे. ग्राहकाचेही माप असते. स्वतःच्या हातून पाण्यात पडलेला मोबाइल ‘आपोआप बंद पडला’ असे सांगून परत करणे, हे त्याचे हीन माप होय.

पाचवा अतिचार प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखे दिसणारे देणे. उघडलेल्या खोक्याचा प्रश्न मुख्यतः येथे येतो. काही ग्राहक नव्या खोक्यात जुना चार्जर ठेवून परत करतात. काही दुकानदार परत आलेल्या वस्तूवर नवे प्लास्टिक चढवतात आणि पुढच्या ग्राहकाला ती कोरी म्हणून विकतात. वस्तू चालत असेल, भावही तोच असेल. तरीही त्या दुसऱ्या ग्राहकाने ज्या कोरेपणाचे पैसे मोजले, तो त्याला मिळालेला नसतो. आणि त्याचे नुकसान असे की त्याला ते कळतही नाही.

अचौर्याचा मूळ अर्थ अदत्ताचे अग्रहण, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. चौथ्या कारणाने वस्तू परत करणाऱ्याला वाटते, ‘वस्तू दिली, पैसे घेतले, चोरी कोठे झाली?’ वस्तू परत गेली हे खरे. पण आठ दिवसांचा वापर परत गेलेला नाही. तो वापर दुकानदाराने दिला नव्हता, विकला नव्हता आणि भाड्यानेही दिला नव्हता. तो अदत्त होता. चोरी वस्तूचीच होते असे नाही. वापराचीही होते आणि वस्तूच्या नवेपणाचीही होते.

सत्याणुव्रताचे अतिचारही येथे विसरता येत नाहीत. बिलावर मागची तारीख टाकून मुदतीत बसवणे ही कूटलेखक्रिया. न्यासापहाराचा अर्थ आचार्यांनी फार सूक्ष्म लावला आहे: ठेव ठेवणारा ठेवीचा आकडा विसरला आणि त्याने कमी मागितले, तर ‘बरोबर, तेवढेच होते’ असे म्हणणे हादेखील न्यासापहार. ग्राहकाने मोबाइलबरोबर वाढीव वॉरंटीचेही पैसे भरलेले असतात. परत करताना तो केवळ मोबाइलची किंमत मागतो आणि काउंटरवर मौन पाळले जाते. त्या मौनाला शास्त्रात नाव आहे. तसेच परत आलेल्या मोबाइलमध्ये एखाद्या कुटुंबाची छायाचित्रे आणि खासगी संदेश राहिलेले असतात. दुसऱ्याचे एकांतातले उघड करणे हे रहोभ्याख्यान. म्हणून ते न पाहता पुसून टाकणे, हे दुकानदाराचे आणि त्याच्या नोकराचेही व्रत होय.

राहिला तिसरा प्रसंग, मनाच्या पालटाचा. येथे न कायद्याची आज्ञा आहे, न चोरीचा दोष. येथे गरज आहे ती एकमेकांची अडचण समजून घेण्याची. अनेकांत हा केवळ ग्रंथचर्चेचा विषय नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर महिन्याच्या पगारातील मोठा भाग नको असलेल्या वस्तूत अडकलेला असतो. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर सील तुटताच वस्तूचा भाव उतरतो. सर्व्हिस सेंटरने सुरुवातीपासूनच सदोष असल्याचा दाखला दिला, तर कंपनीकडून ती बदलून मिळण्याचा मार्ग असतो. निर्दोष पण उघडलेल्या खोक्याला तो मार्ग नसतो. मोबाइल एकदा सुरू केला की अनेक कंपन्यांच्या नोंदीत त्याच दिवसापासून वॉरंटी मोजली जाते. हे नुकसान लहान दुकानदाराला खिशातून सोसावे लागते.

यातून वाट निघते, आणि ती प्रामाणिकपणाचीच आहे. दुकानदाराने परतीच्या अटी विक्रीपूर्वी सांगाव्यात आणि बिलावर मराठीत छापाव्यात. मन बदलल्यास वस्तू बदलून मिळेल की पैसे, किती दिवसांत, किती कपात करून, हे आधी ठरलेले असावे. परत आलेली वस्तू ‘उघडलेला खोका’ असे सांगून, कमी भावात विकावी; असा ग्राहक मिळतो आणि तो समाधानी असतो. ग्राहकाने कारण जसे असेल तसे सांगावे. ‘वस्तू चांगली आहे, निर्णय चुकला’ एवढे सांगणाऱ्याला सभ्य दुकानदार बहुधा काहीतरी वाट काढून देतो. खोट्या बिघाडाची कथा मात्र सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर दहा मिनिटांत उघडी पडते. मग गेलेला विश्वास कोणत्याही क्रेडिट नोटने परत येत नाही.

काही व्यावहारिक नियम पाळले, तर वादाला जागाच राहत नाही. मोबाइलचा खोका शक्यतो दुकानातच, दोघांसमक्ष उघडावा. खोक्यावरचा, बिलावरचा आणि यंत्रातील पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक जुळतो का, ते पाहावे. *#06# दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे खोके कंपनीचा माणूस बसवण्यास येईपर्यंत उघडू नयेत. परतीची मुदत संपेपर्यंत खोका, थर्माकोल, वायर आणि पुस्तिका जपून ठेवाव्यात. मोबाइल परत करण्यापूर्वी सिम काढावे, आपल्या खात्यातून बाहेर पडावे आणि आतील माहिती पुसावी. अन्यथा कुलूपबंद यंत्र दुकानदाराच्या काही कामाचे राहत नाही. पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत घ्यावेत. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचे कर्ज रद्द झाल्याची लेखी खात्री करावी; नाहीतर वस्तू जाते आणि हप्ते चालू राहतात.

समजुतीने न मिटल्यास शांतपणे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ग्राहक स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दाद मागू शकतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. न्याय मागणे म्हणजे क्रोध नव्हे. क्रोध न करताही न्याय मागता येतो, आणि तो तसाच मागावा.

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक व्रत आहे: परिग्रहपरिमाण. पुष्कळ खोके परत जातात, कारण ते उघडण्याची गरजच नव्हती. सणाची सवलत, शेजाऱ्याचा नवा टीव्ही, बिनव्याजी हप्त्याची जाहिरात यांमुळे इच्छेला गरजेचे रूप येते. वस्तू घेण्यापूर्वी एक रात्र थांबणे ही सोपी मर्यादा आहे. नको असलेले यंत्र अखेर कचऱ्यात जाते. त्यातील शिसे, पारा यांसारखी द्रव्ये माती आणि पाणी दूषित करतात आणि असंख्य जीवांची विराधना घडते. अशा प्रकारे काउंटरवरचा प्रश्न अहिंसेपर्यंत जाऊन पोहोचतो.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यातील पहिला गुण न्यायसंपन्न विभव, म्हणजे न्यायाने मिळवलेले धन. दान, तीर्थयात्रा आणि संघसेवा यांच्याही आधी हा गुण यावा, यात मोठा अर्थ आहे. ट्रस्टच्या पन्नास वर्षांत ज्या धनातून कार्य उभे राहिले, त्याचा उगम कोठल्यातरी काउंटरवरच झाला. तो उगम जितका निर्मळ, तितके पुढचे कार्य निर्मळ.

संवत्सरीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या दिवशी श्रावकाला एखादा परत न घेतलेला सदोष मिक्सर आठवेल, किंवा खोटे कारण सांगून परत केलेला कॅमेरा आठवेल. तेव्हा क्षमायाचनेबरोबर त्या दुकानाची पायरीही चढावी आणि राहिलेला हिशेब पुरा करावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील प्रत्येक दुकानाच्या बिलावर परतीची स्वच्छ अट छापली गेली आणि प्रत्येक घरातून परतीचे खरे कारण सांगितले गेले, तर महोत्सवाचा तो मोठा लाभ ठरेल.

जय जिनेंद्र.