दाण्याआधी अभय

(पवनार येथील व्याख्यानाचा मजकूर)



पवनारच्या धाम नदीकाठी वंचक बगळा उथळ पाण्यात बराच वेळ निश्चल उभा असतो. पाहणाऱ्यास तो शांत भासतो. परंतु पक्ष्याचे निश्चल असणे आणि निर्भय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत विषयाचे मर्म या भेदातच आहे.

शिक्रा झेपावला की लहान पक्ष्याच्या मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीस आणि तिच्याकडून मूत्रपिंडाजवळील अधिवृक्क ग्रंथीस संदेश जातो. कॉर्टिकोस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. रक्तातील साखर वाढते. पचन, वाढ, वीण ही कामे मागे पडतात आणि सारे बळ जीव वाचविण्याकडे वळते. शिक्रा निघून गेला की काही वेळाने सर्व पूर्ववत होते. ही अल्पकाळची भीती प्राणरक्षकच होय.

हीच भीती दिवसेंदिवस टिकली, तर मात्र शरीराचा जमाखर्च बिघडतो. रोजच्या मिळकतीतून भागेनासे झाले की भांडवल मोडावे लागते. पक्ष्याचे भांडवल म्हणजे त्याचे स्नायू; त्यांतील प्रथिने मोडून साखर तयार होऊ लागते. कोंबड्यांना हे संप्रेरक सतत दिले असता त्यांची वाढ खुंटते व स्नायू झिजतात. उलट पोटातील आणि यकृतातील चरबी वाढते. म्हणून केवळ वजनाच्या आकड्यावरून प्रकृतीचा निर्णय करता येत नाही.

साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग या पक्ष्यांवर अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठात अभ्यास झाले. मोठा आवाज, पिंजरा हलविणे असा त्रास त्यांना रोज अनेकदा देण्यात आला. दीर्घ त्रासानंतर त्यांच्या शरीराचा ताणाला मिळणारा प्रतिसादच मंदावतो, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. अशा ताणाने वजनही घटते, हे 2010 च्या अभ्यासाने दाखविले. हे ज्ञान पक्ष्यांना क्लेश देऊन मिळाले आहे; निदान त्याचा बोध तरी वाया जाऊ नये.

पिंजऱ्यातील पोपट आरंभी फडफडतो, पुढे गप्प होतो. घरातील माणसे म्हणतात, ‘माणसाळला.’ कदाचित तो केवळ थकलेला असेल. वाटीत डाळ आणि मिरची असली तरी त्याची उणीव भरून निघत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तत्त्वार्थसूत्राने तर अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंधाची गणना फार पूर्वीच केली आहे. अन्नपाननिरोधही त्या अतिचारांत आहे. घरट्याजवळ रोज फटाके वाजले, कर्णे गर्जत राहिले, तर दाणे विपुल असूनही पक्षी ते टिपण्यास उतरत नाही. त्याचा घास हिरावला गेला, एवढे खरे. मात्र कोणाच्या हातून, हे कोणाला दिसत नाही.

विदर्भाच्या उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे मातीचे भांडे ठेवण्याची रीत उत्तमच आहे. ते सावलीत, मांजरापासून दूर आणि वर्दळीच्या बाजूला न ठेवता ठेवावे. नदीकाठची जुनी झाडे राखावीत. विणीच्या दिवसांत त्यांच्या फांद्या छाटू नयेत. सायंकाळी पक्षी थव्याने झाडावर परततात, त्या वेळी तेथे फटाका वाजू नये. यासाठी देणगी लागत नाही. थोडा संयम लागतो.

जैन परंपरेत अभयदानाचे स्थान फार उंच आहे. ते स्थान योग्यच आहे, याची साक्ष आज पक्ष्याचे रक्त आणि स्नायूही देतात.