नव्या घरातील उष्णतेचा हिशेब

घर बदलले की खर्चाचे मान बदलते, हे संसारी माणसाला सांगावे लागत नाही. सामान हलविण्याची मजुरी, रंगरंगोटी, पडदे, वास्तुशांत हे खर्च अगोदरच धरलेले असतात. परंतु ग्वाल्हेर-इंदूरकडे दिवाळीनंतर नव्या घरी राहावयास गेलेल्या कुटुंबाच्या हाती जानेवारीत विजेचे जे बिल पडते, त्याची गणना कोणी केलेली नसते. जुन्या घरच्या बिलाच्या दुप्पट-तिप्पट आकडा पाहून पहिला संशय मीटरवर जातो आणि दुसरा घरातील माणसांवर. हा दुसरा संशय अधिक घातक होय. गीझर कोणी चालू ठेवला याची चौकशी सुरू होते. सासू सुनेकडे पाहते, सून मुलांकडे पाहते, आणि वृद्ध आजोबा कोणी काही बोलण्यापूर्वीच आपल्या खोलीतील हीटर बंद करून शाल लपेटून बसतात. काटकसरीचा पहिला घाव असा नेमका ज्यास ऊब सर्वाधिक हवी त्याच्यावर पडतो. बिलाचा छडा नीट लावणे अगत्याचे आहे ते यासाठी.

जुन्या वाड्यात उष्णता डोळ्यांना दिसत असे. न्हाणीघरात तांब्याचा बंब धडधडे, त्यात ढलप्या नि शेण्या जात, आणि लाकडांचा ढीग किती खाली आला हे येता-जाता कळे. विजेचा ढीग कोणासच दिसत नाही. तो महिनाअखेर एकदम कागदावर उमटतो, तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून जे पूर्वी डोळ्यांनी होत असे, ते आता अंकांनी करावे लागते.

प्रथम बिलच वाचावे. बहुतेक लोक फक्त शेवटची रक्कम वाचतात. पाहावयाचे ते आकडे निराळे आहेत: मागील नोंद, चालू नोंद, वापरलेली युनिटे आणि ती किती दिवसांची आहेत. पहिले बिल पुष्कळदा महिन्याहून अधिक दिवसांचे असते. युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर काढल्यावाचून जुन्या घराशी तुलना होऊच शकत नाही. घर बंद असताना नोंद अंदाजाने घेतली गेली असल्यास पुढील बिलात त्याची भरपाई येते. नव्या बांधकामाची तात्पुरती जोडणी तशीच राहिली असल्यास दर घरगुती दराहून चढा लागतो. विकत घेतलेल्या घराच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाची थकबाकी हेही एक कारण संभवते. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल, तर ती नव्या मालकाकडून मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली के. सी. निनान यांच्या खटल्यात दिला आहे. तेव्हा खरेदीखतापूर्वी शेवटचे भरलेले बिल मागून घेणे आणि किल्ली हाती येताच मीटरवरील आकडा टिपून ठेवणे, या दोन गोष्टींनी पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

बिल निर्दोष ठरले, म्हणजे उष्णतेकडे वळावे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. तारेतून वीज वाहताना उष्णता किती निर्माण होते, याचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली प्रसिद्ध केला. गीझर, हीटर, इस्त्री ही सारी त्याच नियमाची अपत्ये. तापलेल्या तारेच्या कोणत्याही उपकरणात एका युनिटापासून सुमारे 860 किलोकॅलरी उष्णता मिळते, त्याहून अधिक नाही. म्हणून कमी विजेत जास्त ऊब देणाऱ्या हीटरची जाहिरात वाचून भुलण्याचे कारण नाही.

आता स्नानाचे पाणी घ्या. वीस लिटरची बादली 15 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 0.58 युनिट लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज सुमारे तीन आणि महिन्यास 87 युनिटे केवळ स्नानासाठी लागतील. हा खर्च न्याय्य आहे. अन्याय्य खर्च निराळ्या वाटांनी होतो. गीझर दिवसभर चालू राहिला, तर टाकीतील उष्णता भिंतीतून निसटत राहते आणि ती भरून काढण्यास पुन:पुन्हा वीज खर्ची पडते. उष्ण पाण्याचा नळ तासाला एक लिटर गळत असेल आणि टाकीतील पाणी 60 अंशांवर असेल, तर त्या थेंबांपायी दिवसाला सव्वा युनिट जाते. कूपनलिकेच्या जड पाण्याने तापतारेवर चुन्याचे कवच चढते; त्यामुळे ती अति तापून लवकर निकामी होते. थर्मोस्टॅट अडकला असेल, तर गीझरचा दिवा मालवतच नाही आणि सुरक्षा-झडपेतून कढत पाणी वा वाफ येऊ लागते. अशा वेळी मुख्य कळ बंद करून जाणकार कारागिरास बोलवावे. घरच्या घरी झाकण उघडू नये.

तथापि गीझर बदनाम असला तरी खरा खादाड बहुधा खोलीतला हीटर असतो. दोन हजार वॅटचा हीटर चार तास चालला की आठ युनिटे होतात, महिन्याची 240. तेवढ्याच आठ युनिटांत नऊ वॅटचा एलईडी दिवा अहोरात्र 37 दिवस जळेल. यावरून मुलांच्या मागे लागून दिवे मालविण्यात किती अर्थ आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. नव्या घरात हीटर अधिक का लागतो, याचे कारणही घराच्या बांधणीत आहे. वाड्याच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री ऊब देत. सदनिकेच्या भिंती पातळ. वरच्या मजल्यावर तर काँक्रीटचे छत निरभ्र आकाशाखाली रात्रभर उष्णता गमावीत असते. त्यात खिडकीच्या फटीतून वारा आला की हीटर आकाश तापवू लागतो. फटी बुजविणे, सायंकाळी जाड पडदे ओढणे, जमिनीवर सतरंजी घालणे आणि एकच खोली उबदार राखणे, हे उपाय साधे व स्वस्त आहेत. मात्र वीज वाचविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे कदापि करू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही आणि तो झोपेतच प्राण घेतो.

एवढे करूनही हिशेब जमला नाही, तर मीटरची परीक्षा घ्यावी. घरातील सर्व उपकरणे बंद करून मीटरवरील लुकलुकता दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असेल, तर कोठे तरी गळती आहे किंवा जिन्यातील दिवा, पाण्याचा पंप अथवा शेजारच्या घराची तार आपल्या मीटरला जोडलेली आहे. नंतर फक्त गीझर लावावा. मीटरवर एका युनिटास 3200 लुकलुकी असे लिहिले असेल, तर दोन हजार वॅटच्या गीझरला मिनिटास सुमारे 107 व्हावयास हव्यात. विजेचा दाब कमी असल्यास आकडा उतरेल; पण तो दीडपट-दुप्पट आला, तर तक्रारीस आधार मिळाला असे समजावे.

ही तक्रार कागदावर करावी व पोच घ्यावी. वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम केंद्र सरकारने 2020 साली केले; त्यांनुसार तक्रार आल्यावर तीस दिवसांत मीटर तपासले गेले पाहिजे. 2024 च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरे मीटर बसवून किमान तीन महिने पडताळा पाहावयाचा आहे. तेथेही समाधान न झाल्यास 2003 च्या विद्युत कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल यांची दारे उघडी ठेवली आहेत. पण तेथे संतापापेक्षा टिपणवहीचा उपयोग अधिक. रोज ठराविक वेळी मीटरचा आकडा आठ दिवस लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे कोणालाही सहजी झिडकारता येत नाही.

त्या आठ दिवसांच्या वहीत बहुधा दोषी कोण तेही दिसून येते, आणि तो बहुतेक वेळा माणूस नसतो: एखादा अडकलेला थर्मोस्टॅट, एखादा गळका नळ, खिडकीची एखादी फट. तो सापडला की घरातील कुजबूज आपोआप थांबते. मग वाचलेल्या युनिटांतून पहिला वाटा आजोबांच्या खोलीला द्यावा. ज्यांनी आयुष्यभर बंबात लाकडे सारून घराला ऊन पाणी दिले, त्यांना उतारवयात उबेसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.