शिकारीनंतरचें माळरान



शिकारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या असतील. त्या बहुधा बंदुकीच्या बाराबरोबर संपतात. जनावर पडतें, शिकारी त्याच्याजवळ उभा राहतो, आणि सांगणाऱ्याचें सांगणें तेथेंच थांबतें. मला आज सांगावयाचें आहे तें त्यापुढचें. जनावर जागच्या जागीं फाडून साफ केलें, त्याचा कोथळा तेथेंच टाकला आणि माणसें निघून गेलीं, म्हणजे त्या जागेच्या आसपास रानांत काय घडतें, हा माझा विषय आहे. मी प्राणिशास्त्राचा पंडित नाहीं. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारी नोकरी नातेपुत्याच्या आसपासच्या शाळांत मुलांना शिकविण्यांत गेलेली. परंतु शंभुमहादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याचा आमचा माळ मीं पन्नास वर्षें पायांखालीं घातलेला आहे. आणि या विषयांत माझ्या हातून एक चूकही घडलेली आहे. ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं.

१९७१ सालचा हिंवाळा. मी दहा-अकरा वर्षांचा होतों. आमच्या चुलत्यांजवळ बंदूक होती. आमच्या माळावर उंच झाडें थोडीं, त्यामुळें मचाण बांधण्याची सोय नाहीं. म्हणून ओढ्याच्या कांठीं, तरवडाच्या झुडपांत, दगड रचून त्यांनीं एक लपण केलें होतें. एके दिवशीं पहाटे तेथून त्यांनीं एक चिंकारा मारला आणि लगेच जागेवरच त्याचें पोट फाडलें. असें कां, म्हणून मीं विचारलें. ते म्हणाले, "बाळ, जनावर मेलें तरी त्याच्या पोटांतली ऊब लवकर जात नाहीं. आंतडीं आंत राहिलीं तर मांस नासतें. शिवाय ओझेंही हलकें होतें." कोथळा, ओझरी आणि रक्तानें भिजलेली माती तशीच टाकून आम्ही निघालों. वाटेंत ते म्हणाले, "आतां आठवडाभर येथें बसण्यांत अर्थ नाहीं. आतां ही जागा दुसऱ्यांची."

हे दुसरे कोण, तें पाहण्याचा मला छंद लागला. शाळा सुटली कीं मी दूरच्या टेकाडावर जाऊन बसत असें. सर्वांत आधीं कावळे आले. त्यांची गडबड पाहून घारी आल्या, आणि घारी उतरतांना पाहून आकाशांतून गिधाडें खालीं आलीं. आपल्याकडील गिधाड अन्न शोधतें तें वासानें नव्हे, दृष्टीनें. एक उतरूं लागलें कीं दूरचें दुसरें त्याला पाहून वळतें, आणि त्याला पाहून तिसरें. म्हणून दिवस गिधाडांचा; रात्र मात्र नाकाची. रात्रीं वासाच्या मागावर कोल्हे आणि तरस येऊन जात, व सकाळीं मातीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले असत. तिसऱ्या दिवशीं तेथें काय उरलें होतें? ओझरींतल्या अर्धवट पचलेल्या गवताचा एक हिरवट गोळा. मांस खाणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

आणि हरणांचें काय? चिंकाऱ्याची एक सवय ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तो लेंड्या टाकण्यास पुन्हां पुन्हां ठराविक जागीं येतो. पाण्यावांचून तो पुष्कळ दिवस काढूं शकतो, म्हणून पाणवठ्यावर तो दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. पण लेंड्यांची जागा खोटें बोलत नाहीं. अशी एक जागा लपणापासून हांकेच्या अंतरावर होती. पहिले कांहीं दिवस ती कोरडी राहिली. आठवडा उलटल्यावर तेथें ताज्या लेंड्या दिसल्या. चुलत्यांचा अंदाज बरोबर ठरला. माझ्या मतें हरणें दूर राहतात तीं केवळ रक्ताच्या वासामुळें नव्हेत. माणसाचा वावर आणि त्या वासावर येणारे दांतवाले पाहुणे हीं खरीं कारणें होत. पाहुणे जेवून गेले, जागा निवळली, कीं हरणें परततात.

पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. चिंकारा आणि काळवीट यांना त्यांत सर्वांत कडक संरक्षण मिळालें, आणि आमच्या घरची बंदूक खुंटीवर गेली. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं माळढोकासाठीं, कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं, आणि बारामतीकडे सुपें येथें १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं अभयारण्यें झालीं. शिकारी गेला, हें चांगलेंच झालें. परंतु त्याच सुमारास दुसरेही कोणी गेले, आणि तिकडे आमचें लक्ष नव्हतें.

ते म्हणजे गिधाडें. १९९० नंतर तीं झपाट्यानें नाहींशीं झालीं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक मेलीं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत. तें टोंचल्यावर लवकरच मेलेलें जनावर गिधाडांनीं खाल्लें कीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. हें कारण २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध आपल्या देशांत बंद झालें. पण तोंवर पंगतीचा मुख्य मानकरीच उठून गेला होता. रिकाम्या पाटावर कोण बसणार, याचा विचार कोणीं केला नाहीं. मींही केला नाहीं.

आतां माझी चूक. सेवानिवृत्तीनंतर मी पुन्हां त्या जुन्या लपणांत बसूं लागलों. बंदुकीऐवजीं दुर्बीण घेऊन. लांडगे आणि तरस उपाशी आहेत, असें माझ्या मनानें घेतलें. मीं ओळखीच्या लोकांना सांगितलें, कीं शेळी-मेंढी मेली तर ओढ्याच्या कांठीं आणून टाका, रानाच्या धन्याला त्याचा वांटा द्या. लोकांनीं माझ्या शब्दाला मान दिला. शेळ्यांबरोबर मेलेल्या कोंबड्यांचीं पोतींही येऊं लागलीं. पहिल्या पंधरवड्यांत मला तरस दिसला, एकदां लांडग्यांची जोडीही दिसली. मी हर्षभरित होऊन गेलों. मग एक कुत्रें आलें, मग तीन, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं मीं मोजलीं तेव्हां तीं अकरा होतीं. तरस यावयाचा थांबला. हरणांची लेंड्यांची जागा कोरडी पडली, आणि या वेळीं आठवड्यानें नव्हे, दोन महिन्यांनींही ओली झाली नाहीं. एके सकाळीं लपणापुढेंच चिंकाऱ्याचें एक पाडस मरून पडलेलें मीं पाहिलें. कुत्र्यांनीं तें धड खाल्लेंही नव्हतें; त्यांचीं पोटें मीं आधींच भरलेलीं होतीं.

तेथें मेंढरें चारणारा एक धनगर म्हणाला, "गुर्जी, ताट तुमी लांडग्याला वाढलं, पर पंगतीला गावची कुत्री बसली." चाळीस वर्षें मुलांना धडे देणाऱ्या माणसाला तो एका वाक्यांत धडा मिळाला.

एका हरणाचा कोथळा एकदां पडतो, तीन दिवसांत संपतो, आणि पाहुणे आपापल्या वाटेनें जातात. रोज एकाच जागीं टाकलेलें मढें मात्र पाहुण्यांना राहतें करतें. राहतें होण्यांत गांवचें कुत्रें सर्वांत तरबेज. तें कोल्ह्या-लांडग्यांना हुसकावतें, किंवा त्यांना पिसाळ आणि इतर रोग देतें. लांडग्याशीं त्याचा संकरही होतो. पुणें शहराच्या परिसरांत असा संकर झाल्याचें २०२३ सालीं शास्त्रज्ञांनीं रक्तबीजाच्या परीक्षेनें दाखवून दिलें.

मृत जनावर रानांत ठेवणें हें नेहमींच वाईट, असें मात्र नाहीं. रायगड जिल्ह्यांत फणसाड येथें आणि गडचिरोलींत गिधाडांसाठीं मुद्दाम अन्न ठेवण्याचे उपक्रम झाले आहेत. अशा कामांत जनावर औषधमुक्त असल्याची खात्री आणि जागेवर देखरेख लागते. अमेरिकेंत हरणांची शिकार आजही कायदेशीर आहे, आणि शिकारी कोथळा रानांतच टाकतात. त्यांतील गोळीच्या शिशाचे कण पोटांत जाऊन तेथील काँडोर नांवाचीं प्रचंड गिधाडें विषबाधेनें मरूं लागलीं. १९८२ सालीं तीं केवळ बावीस उरलीं होतीं. अखेर कॅलिफोर्निया राज्यानें शिकारीसाठीं शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी घातली. म्हणजे पाहावयाचें तें इतकेंच: काय टाकलें, कितीदां टाकलें, आणि तें खावयास कोण येणार.

आम्हीं गांवकऱ्यांनीं मग गांवाजवळ पुरुषभर खोल खड्डा घेतला. मेलेलें जनावर आतां त्यांत पुरतों, वर चुना आणि माती टाकतों. कोंबड्यांचीं पोतीं माळावर येणें थांबलें आहे. कुत्रीं सर्व गेलीं नाहींत. त्यांना लस टोंचणें व त्यांची वाढ आवरणें हें काम उरलेंच आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या गांवाला माळ आहे त्यांना माझी विनंति आहे, कीं मढें उघड्यावर टाकूं नये. आणि रानांत ताजा कोथळा दिसला तर तो चोरट्या शिकारीचा पुरावा समजून वनखात्यास कळवावें.

गेल्या हिंवाळ्यांत, खड्डा घेतल्याला वर्ष होत आलें तेव्हां, त्या जुन्या जागीं मला पुन्हां ताज्या लेंड्या दिसल्या. मी लपणांत शिरलों नाहीं. दुरूनच पाहिलें आणि घरीं परतलों.