‘आवाहन’ कुणाला?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पत्रकांत एक शब्द हटकून येतो, ‘आवाहन’. महिलांनी बहुसंख्येने उपस्थित राहण्याचे आवाहन, अन्यायाविरुद्ध पुढे येण्याचे आवाहन. घाईत छापलेल्या पत्रकात त्याचं ‘आव्हान’ होतं आणि आपण बायकांना बोलावतोय की कुस्तीला ललकारतोय तेच कळत नाही. कोल्हापुरात तेही खपून जातं म्हणा!

पण हा शब्द आपल्या आयांना पत्रकांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. भाद्रपदात कॅलेंडरवर ‘ज्येष्ठा गौरी आवाहन’ छापलेलं असतं. त्या दिवशी तेरड्याची गौर घरात येते. तिला नुसतं दारातून ‘ये’ म्हणून कुणी थांबत नाही. घेऊन येणारीच्या पायांवर पाणी घालतात, गौरीला घरभर फिरवतात, जागेवर बसवतात, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. पूजेतसुद्धा आवाहनानंतरचा उपचार आसनाचा असतो. मी इथे देवधर्म सांगायला उभी नाही. पण बोलावणाऱ्याने बसायला जागा द्यायची, हा अर्थ त्या शब्दातच होता, तो आपल्या पत्रकांतून गळाला.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं थांबवायचं. १७ मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला, त्याच कोल्हापुरातून १०५ वर्षांनी ही गोष्ट निघाली याचा मला अभिमान आहे. पण हा ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्याची सारी ताकद आवाहनाची.

मग हे आवाहन कुणाला? आपण सवयीने त्या बाईलाच सांगतो, ‘तू नाही म्हण.’ एका गावात बैठकीनंतर एक बाई मला म्हणाली, “ताई, त्या घडीला मला कशाची सुद हुती? कुणी हात धरला, कुणी बांगड्या फोडल्या, काय बी ठावं न्हाई.” दारात मयत असताना तिने विरोध करायचा, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. हात धरणाऱ्या तर बहुतेक वेळा बायकाच असतात: सासू, चुलतसासू, गल्लीतली एखादी जाणती. आपलं आवाहन त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, आणि तेही घरात सगळं ठीक असताना.

हाक मारणं आणि हाकणं यांतही फार अंतर नाही. ‘तक्रार दे, मागे हटू नकोस,’ असं सांगून आपण शेवटच्या एस.टी.ने परततो. ती रात्र तिला त्याच घरात काढायची असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. पण हे तिला कुणी सांगितलेलं नसेल, अर्ज लिहायला कुणी सोबत बसलेलं नसेल, तर आपण तिला हाकललंच की!

विधवेच्या बाबतीत आसन म्हणजे काय, तर सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव. कुंकू राहिलं आणि नाव लागलं नाही, तर दीर वर्षभरात घराबाहेर काढू शकतो. मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, हातात काहीच नसेल तर संजय गांधी निराधार योजनेचे कागद. ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांच्यावर गाणी होत नाहीत. पण कुंकवाइतकीच तीही आपलीच आहेत.

म्हणून दुपारच्या गटचर्चेत मला घोषणा नकोत. आपापल्या गावात मयताची बातमी आली की त्या घरी कोण जाणार, त्या दोघीदोघींची नावं गावनिहाय कागदावर लिहून द्या. त्यातली एक तरी स्वतः विधवा असावी, आणि दुसरी शक्यतो गावात वजन असलेली सासू.