शिवणीतली माया

पन्नाशी ओलांडली त्या वर्षी भाचीच्या लग्नाला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. घरात कारण सांगितलं गुडघेदुखीचं. खरं कारण होतं पैठणीवरचा ब्लाउज. त्याचे हूकच लागेनात!

पैठणीची काहीच तक्रार नव्हती. साडीला कुठे माप असतं? माप असतं ते ब्लाउजला. माझी आजी खणाची चोळी घालायची, पुढे गाठ मारून. बाळंतपणानंतर अंग भरलं की गाठ जरा सैल, उतरलं की घट्ट. आमच्या हुकांना ही सोय नाही.

पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी पोटाकडे साठू लागते. डॉक्टरांनी हे समजावलं होतं, पण आरशासमोर मला माझीच लाज वाटायची.

शेवटी शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी ब्लाउज उलटा केला आणि म्हणाले, "ताई, दोन्ही बाजूंना बोटभर माया आहे की!" जुनी टीप उसवली, नवी मारली. लग्नात मी पंगतीत वाढायलासुद्धा उभी राहिले.

तेव्हापासून नवा ब्लाउज शिवताना जुना मापाला देत नाही, अंगावरचं माप देते. मुंढ्यात हात वर करून, खाली बसून पाहते. आणि माया भरपूर ठेवायला सांगते. शरीर बदलणारच. कापडात ठेवतो तेवढी माया त्याच्यासाठीही ठेवू या!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)