शाळेची इमारत आणि मताचे मोल
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अमेरिकेतील काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी १८० विद्यार्थ्यांपुरती बांधलेली शाळा होती. १९५१ साली तीत साडेचारशेंवर मुले कोंबली होती. नवी इमारत बांधण्याऐवजी डांबरी कागदाच्या झोपड्या उभारल्या गेल्या. बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्यांचा संप घडविला. त्यातून उद्भवलेला दावा १९५४ च्या सुप्रसिद्ध निकालात समाविष्ट झाला. पुढे १९५९ साली गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र शिक्षणाचा हुकूम येताच काउंटी मंडळाने शाळांसाठी कर बसविण्याचेच नाकारले. गोऱ्यांनी आपली खासगी शाळा काढली. सार्वजनिक शाळा पाच वर्षे बंद राहून असंख्य कृष्णवर्णीय मुले शिक्षणास मुकली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अन्याय दूर केला.

टेक्सासमधील मिडलंड काउंटीत एका मतदारसंघात ६७,९०६ लोक, तर दुसऱ्यात अवघे ४१४. प्रतिनिधी मात्र प्रत्येकी एकच! कर ठरविणारे, कर्जरोखे काढणारे हेच मंडळ. १९६८ साली न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली.

बंधुभगिनींनो, शाळेची भिंत अंदाजपत्रकावर उभी राहते आणि अंदाजपत्रक मतदारसंघाच्या रेषेवर. ज्ञातीच्या वसतिगृहासाठी आपण निधी जमवितो, हे भूषणावहच होय. परंतु आपली मुले सुस्थळी पडली म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. गटांच्या प्रारूप रचनेवर हरकती मागविल्या जातात, तेव्हा आपण जागरूक असावे. आणि तेही केवळ आपल्या ज्ञातीपुरते नव्हे, सर्वांच्या मुलांसाठी.